सुवार्ताचे राहिलेले तीन क्रेडिट

रूथचा फोन आला तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते आणि मी गॅसवर चहा ठेवला होता. "बाई..." एवढंच म्हणाली ती, आणि पुढे नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. तीन दिवसांपूर्वी दवाखान्यात तिच्या आईला, सुवार्ताला, भेटून आले होते, तेव्हाच कळायचं ते कळलं होतं. तरी माणसाचं मन वेडं असतं. चहा उतू गेला, तो पुसला, मग सगळा ओटा घासून लख्ख केला, आणि मग मटकन खाली बसून रडले. आज पाच आठवडे झाले. वरच्या मजल्यावर पावलं वाजली की अजून वाटतं, आता जिन्यातून हाक येणार, "काय करू लागलात, बाई?"

सुवार्ता माझ्या काळेवाडीच्या घरात वरच्या मजल्यावर आठ वर्षं भाडेकरू होती. मूळची जालन्याकडची, बोलण्यातला तो हेल शेवटपर्यंत गेला नाही. नवरा विलास टेम्पो चालवतो, मुलगी रूथ आत्ता कॉलेजात आहे. सुवार्ता स्वतः चाकणला एका कंपनीत हार्नेसच्या लाइनवर होती. गाडीच्या पोटात वायरींचं जे जाळं असतं ना, ते हातानं बांधायचं काम. आठ तास उभं राहून. मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली, तोंडानं फटकळ, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही. आमचं जमायचं कारण नव्हतं. माझ्या घरात देवघर, तिच्या घरात भिंतीवर क्रूस. पण ती गोड्या मसाल्याची वाटी मागायला म्हणून यायची आणि तासभर बसायची. वाटी बऱ्याचदा इथेच विसरून जायची.

तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. तिच्या आईला गावी माती दिली, तेव्हा तिथले पाळक नवीन होते. त्यांनी कागदावर बघून प्रार्थना म्हटली आणि आईला नुसतं "या भगिनी" म्हणाले, कारण नाव त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "अठरा वर्षं चर्चची झाडलोट केली हो माझ्या आईनं," सुवार्ता मला सांगायची, "आणि तिच्याबद्दल बोलायला कुणापाशी दोन वाक्यं नव्हती." तेव्हापासून तिला उभं राहून बोलायचं होतं. आपल्यासारख्या बायकांबद्दल, त्यांच्या घरी, त्यांच्या मातीला. काळेवाडीतल्या तिच्या चर्चचे पाळक वयस्कर, भला माणूस. ते म्हणाले, "बोल की. पण कमिटीला कागद लागतो. शिकून ये, मी वाट बघतो."

आता शिकायचं कसं? बायबलचे वर्ग रविवारी, आणि हिच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. रविवारची उपासनासुद्धा हिला वर्षातून चार-पाचदा मिळायची. मग कुणीतरी तिला ऑनलाइन कोर्सचं सांगितलं. दूरच्या एका सेमिनरीचे, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजचे, मराठीतले धडे मोबाइलवर ऐकायचे, परीक्षा द्यायची, एकेका कोर्सचे दोन-तीन क्रेडिट जमत जातात, आणि ठरलेले क्रेडिट पुरे झाले की प्रमाणपत्र. कंपनीच्या बसमध्ये बाकीच्या पोरी माना टाकून झोपायच्या आणि ही कानात वायर घालून संदेष्टे ऐकत चाकणला जायची. जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेली दोनशे पानी वही होती तिची. मी एकदा चाळली. अक्षर चांगलं, शुद्धलेखनाच्या नावानं आनंद. मी लाल पेन काढलं तर म्हणाली, "राहू द्या बाई, देवाला कळतं." मी म्हटलं, "देवाला कळेल गं, तपासणाऱ्याला कळायला नको?"

परीक्षेला एक साक्षीदार लागायचा. नात्यातला नको, चर्चमधला नको. "मग पोथी वाचणारी बाईच सापडली का तुला?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "नियमात बसता ना तुम्ही!" आणि खरं सांगते, मला ते आवडलं. निवृत्त झाल्यावर कुणी नियमासाठी आपल्याकडे येत नाही. माझ्या पुढच्या खोलीत टेबल लावायचं आणि मी दारापाशी लाकडी खुर्ची टाकून बसायचं, अशी आमची चार वर्षं परीक्षा चालली. मोबाइल पोह्यांच्या डब्यात. "बायबलच्या परीक्षेत कॉपी करीन का मी?" ती दुखावून विचारायची. मी म्हणायचे, "सगळे असंच म्हणतात." शाळेत घंटा झाली की मी दार लावून घ्यायचे, उशिरा आलेल्याला पालकांची चिठ्ठी असल्याशिवाय आत घेतलं नाही कधी. एकदा सुवार्ताला खाली यायला पाच मिनिटं उशीर झाला, तर येताना चिठ्ठीच घेऊन आली. 'नळाला पाणी उशिरा आल्यामुळे सुवार्ता हिला उशीर झाला. वर्गात घ्यावे, ही विनंती.' खाली पालक म्हणून विलासची सही. मी हसले, पण तिला एक मिनिट जिन्यात उभं केलंच. असली मी.

शेवटचा कोर्स उपदेशाचा होता. तीन क्रेडिट, आणि मग झालं. त्याची परीक्षा लेखी नव्हती. किमान दहा प्रौढ श्रोत्यांसमोर उपदेश करायचा, त्याचं रेकॉर्डिंग पाठवायचं, आणि किती जण हजर होते ते साक्षीदारानं फॉर्मवर लिहून सही करायची. चर्चमध्ये कागदाशिवाय उभं राहता येत नाही, आणि उभं राहिल्याशिवाय कागद मिळत नाही... म्हणून पुन्हा माझीच पुढची खोली. गुरुवारी दुपारी माणसं आणणार कुठून? चर्चची मंडळी कामावर. शेवटी तिच्याच लाइनवरच्या सात जणी यायला तयार झाल्या, त्यांनाही गुरुवारचीच सुट्टी. बहुतेक मराठवाड्यातल्या, कुणाच्या गळ्यात मंगळसूत्र, कुणाच्या घरी बुद्धवंदना. शिवाय चर्चमधल्या दोन म्हाताऱ्या आणि रूथची मावशी. झाल्या दहा. ऐनवेळी लाइनवरच्या संगीताला ओव्हरटाइमला बोलावलं. राहिल्या नऊ. रूथ अठराची असती तर... पण तिला दोन महिने कमी होते. मी विचारून घेतलं होतं.

सुवार्ता वीस मिनिटं बोलली. जांभळी साडी नेसली होती, घसा साफ करत होती सारखी. रूथ मोबाइल धरून उभी होती. मी माझ्या दारातल्या खुर्चीत. संपल्यावर बायकांनी डोळे पुसले, चहा झाला, आणि मी फॉर्म भरला. हजर श्रोते : नऊ. सही, तारीख.

आठवड्याभरात फॉर्म परत आला. दहा श्रोत्यांसमोर पुन्हा सादर करावे. सुवार्ता मोबाइल घेऊन खाली आली. चिडली नव्हती. दारातल्या त्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "बाई, तुम्ही पण होतात की."

"मी साक्षीदार होते," मी म्हटलं. "परीक्षेत पर्यवेक्षकाला कुणी विद्यार्थ्यांत मोजतं का?"

तिनं मोबाइल पदरानं पुसला. मग हळूच म्हणाली, "तसं नाही... मला वाटलं, तुम्ही ऐकू लागलात." आणि वर निघून गेली.

मी ऐकत नव्हते. आज वर्तमानपत्रात लिहून कबूल करते. मी घड्याळ बघत होते, मोबाइल नीट धरलाय का ते बघत होते, कुणी मधेच उठत नाही ना ते बघत होते. तिच्या बोलण्यातलं एकही वाक्य मला आठवत नव्हतं. तरी मनात म्हटलं, नियम म्हणजे नियम, पुढच्या गुरुवारी परत घेऊ, काय बिघडतंय! पुढच्या गुरुवारी लाइनच चालू राहिली. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिच्या पोटात दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून मीच तिला ओवा-सैंधव दिलं. मग सोनोग्राफी, मग मोठा दवाखाना, मग डॉक्टरांनी विलासला बाजूला घेऊन सांगितलं. अडीच महिन्यांत सगळं संपलं. शेवटच्या भेटीत तिचा हात माझ्या हातात होता, वायरी ओढून ओढून घट्टे पडलेला. मला म्हणायचं होतं, चुकलं माझं. म्हटलं काय, तर "औषधं वेळेवर घेतेस ना?" ती हसली. "घेते ना बाई. तुम्ही बघायला नाही, तरी घेते."

मातीला गर्दी लोटली होती. तोही गुरुवारच होता, त्यामुळे कंपनीच्या पोरी झाडून साऱ्या आल्या, संगीता सगळ्यांत पुढे. मला मोजायची खोड. चाळीसच्या पुढे मीच मोजणं सोडलं. पाळकांनी सुवार्ताचं नाव घेतलं, तिच्या आईचंसुद्धा घेतलं. मग थांबले. म्हणाले, "इथं खरं तर तिनं बोलायला हवं होतं." आणि त्यांनी बायबल मिटलं. एवढी माणसं जमली होती आणि जिला बोलायचं होतं ती बोलणार नव्हती. मी मागच्या मागे निघून आले.

परवा रूथ खाली आली. आईचा मोबाइल साफ करत होती, त्यात ते रेकॉर्डिंग सापडलं. "बाई, बघायचंय?" म्हणाली. मला नको होतं. पण पोरीला एकटीला बघवत नव्हतं, हे कळत होतं. मी सवयीनं दारातल्या खुर्चीकडे गेले, मग ती उचलून टेबलापाशी आणली आणि रूथच्या शेजारी बसले.

सुवार्ता एका बाईची गोष्ट सांगत होती. तिच्या दहा नाण्यांतलं एक हरवतं. येशूनं सांगितलेली गोष्ट आहे, असं रूथ म्हणाली. मला काय माहीत? त्या दिवशी ऐकलं असतं तर माहीत असतं. "नऊ आहेत की," सुवार्ता म्हणत होती, "पण ती बाई बसली नाही. तिनं दिवा लावला, झाडू घेतला. आपल्या लाइनवर वायरीच्या टोकाचं एक टर्मिनल खाली पडलं तर आपण सगळ्या टेबलाखाली वाकतो का नाही गं? ते नसलं तर गाडी पुढं जात नाही. माणसाचं पण तसंच असतंय. जो आपल्यात बसत नाही, लांब दारापाशी बसतो, त्याच्यासाठी देव झाडू घेऊन फिरू लागलाय." माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं निबंधात असं लिहिलं असतं, तर 'ओढूनताणून' असा शेरा मारला असता मी. पण चित्रात दिसतंय ना. बोलता बोलता ती मान वळवून दाराकडे बघते. मोबाइलच्या कडेला माझी अर्धी खुर्ची आलीय, आणि मी. मी मनगटावरचं घड्याळ बघतेय.

वीस मिनिटं मी जागची हलले नाही. रूथनं माझा हात धरला होता की मी तिचा, ठाऊक नाही. संपलं, तेव्हा मी कोरा फॉर्म मागितला. रूथनं शेजारच्या दुकानातून छापून आणला. त्यांचे नियम काय म्हणतील, मेलेल्या माणसाला क्रेडिट देतात की नाही, मला माहीत नाही. विलास म्हणतो, कशाला आता? रूथ मात्र येत्या गुरुवारी पाठवणार आहे. क्रेडिट मिळाले तर प्रमाणपत्र पाळकांकडे द्यायचं, असं तिनं ठरवलंय.

मी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नाही, आणि आजही लिहिला नाही. हजर श्रोते : दहा. सही केली, आजची तारीख घातली. खाली शेऱ्याची जागा होती, तिथे मी स्वच्छ अक्षरात लिहिलं : दहाव्या श्रोत्याला यायला उशीर झाला. वर्गात घ्यावे, ही विनंती.