अधू तरसाचा उंबरा

या, अशा जवळ बसा. दारात उभं राहून काय ऐकणार? तुम्हा लोकांना सदाची घाई. पण आमच्या मिस्त्रींइतकी घाई मी कुणाला पाहिली नाही. चहासुद्धा ते चालत चालत प्यायचे आणि रिकामा कप माझ्या हाती देत म्हणायचे, "अजून न्हाय जमलं, मावशी."

येडशीजवळच्या आमच्या लहानशा प्राणिसंग्रहालयात जुने पिंजरे पाडून मोकळी घरं बांधायचं काम निघालं होतं. मिस्त्री बांधायचे, मी भिंतींवर पाणी मारायचे. कालचा गिलावा सकाळी ते गालानं चाचपायचे. हो, गालानं. खरखरीत लागला की उकरायचे. जनावर अंग घासतं, सोलून निघेल, हे त्यांचं म्हणणं.

शेवटी राहिलं म्हातारं तरस, मागच्या पायानं अधू. जुना पिंजरा आणि नवं घर यांच्या मधल्या दारातून त्यानं आपण होऊन पलीकडं जायचं होतं. भुलीचं इंजेक्शन त्याला सोसायचं नाही, असं डॉक्टर सांगून गेलेले. आणि जुना पिंजरा तर दोन दिवसांत पाडायचा.

दार उघडलं. तरस आलं, हुंगलं, मागं फिरलं. दिवसभर तेच. आत ते येरझाऱ्या घालतंय, कुंपणाबाहेर मिस्त्री. मग माझं लक्ष गेलं. दाराला वीतभर उंबरा होता, नकाशात नसलेला, मिस्त्रींनी मनानं घातलेला.

मी म्हटलं, "ह्याला उंबरा कशाला हो?"

"घर हाय न्हवं, मावशी? बिनउंबऱ्याचं घर म्या कदी बांधलं न्हाय."

"त्याचा पाय उचलत न्हाय, मिस्त्री."

मिस्त्रींनी दार ओढून घेतलं आणि तरस बिचकू नये म्हणून छिन्नीवर हलके हलके घाव घालत अख्खा उंबरा काढला. लई वेळ लागला. मी तिथून हलले नाही.

सकाळी पुन्हा दार उघडलं. तरस दारापर्यंत आलं, मिस्त्रींकडं बघून मागं सरलं. दोनदा तसंच.

"मला बगून येत न्हाय ते," मिस्त्री म्हणाले. "म्या जातो." थापी-ओळंबा पिशवीत घातला आणि परंड्याकडच्या कामावर निघून गेले. चहाला थांबले नाहीत.

दुपारी तरस अधू पाय ओढत पलीकडं गेलं. मी मिस्त्रींना फोनवर सांगितलं, तर त्यांनी तीनदा विचारलं, "आपल्या पायानं?"

त्यानंतर ते इकडं फिरकलेच नाहीत. एक काम संपलं की दुसरं. तुम्हाला कुठं भेटले तर माझा निरोप सांगा: मिस्त्री, तरस आता फार हिंडत नाही, उन्हाला पडून असतं. तुम्हाला बघून मागं सरायला उठायचंसुद्धा नाही. एकदा या. लवकर या.