टेकडीवरची मायची खोली

श्रावणातला रविवार होता, अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव साल असावं. जालन्याहून सकाळच्या एसटीनं आम्ही ऑफिसातली सात-आठ माणसं जाफराबादकडे निघालो होतो... आणि सोबत माझी माय.

आमचा रविवारचा एक ग्रुप होता. सकाळी निघायचं, एखादी टेकडी चढायची, वर बसून डबे खायचे, दिवेलागणीला घरी. मराठवाड्यात कसले आलेत डोंगर, असं बाहेरचे लोक म्हणतात... म्हणोत बापडे. एकदा श्रावणात येऊन बघावं.

खरं सांगते, मायला न्यायचं माझ्या मनात नव्हतं. तिचे गुडघे धरलेले, वाटेत बसली तर सगळ्यांच्या सुट्टीचा विचका. पण डोळे दाखवायला म्हणून ती चार दिवस माझ्याकडे आली होती आणि शेजारीण नेमकी गावाला गेलेली... एकटीला घरात कोंडून कशी जाणार?

चार दिवस म्हणजे चारच बरं का. वडील गेल्यापासून तिची वाटणी झाली होती. दिवाळी ते अक्षय तृतीया कुंभार पिंपळगावला धाकट्याकडे, उरलेलं वर्ष परतूरला थोरल्या दादाकडे. भाऊ वाईट नव्हते हो, भावजयाही नव्हत्या. पण दिवस भरत आले की माय गुपचूप आपली पिशवी भरायला लागायची आणि ते मला बघवायचं नाही.

मी एकटीच होते. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी यजमान गेले, मूलबाळ नाही, त्यांच्या जागेवर मला नोकरी लागली. भाड्याच्या दोन खोल्या होत्या. माझ्याकडे येऊन राहा, म्हणून कितीदा तिच्या मागे लागले... पण दिलेल्या लेकीच्या घरी आईबापानं राहायचं नसतं, तिचं अन्न खायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. माय तर येताना स्वतःचं ज्वारीचं पीठ बांधून आणायची आणि त्याचीच भाकर खायची. माझ्या डब्यातल्या पिठाला बोट लावायची नाही.

मी चिडायचे, अबोला धरायचे, रडायचे सुद्धा. तिचं एकच... लोकं पोरांच्या तोंडात शेण घालतील.

जाफराबादहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून पायथ्याला पोचलो. माय बसत, उठत, माझ्या खांद्याला धरत चढली. ग्रुपमधल्या कुणी घाई केली नाही, उलट तिच्या निमित्तानं सगळेच थांबत होते. वर पोचली तेव्हा घामानं निथळत होती, पण चेहरा बघण्यासारखा झाला होता.

खाली मूग, कपाशी, मधूनच काळं रान, आणि लांबवर पूर्णेचं पात्र. माय डोळ्यांवर आडवा हात धरून किती तरी वेळ उभी राहिली. जन्म शेतात गेला तिचा, पण शिवार असं वरून कधी बघितलंच नव्हतं. तिनं ते बोलून दाखवलं आणि मला उगाच भरून आलं.

वर देवीचं छोटंसं ठाणं आहे. त्याच्या बाजूला ठिकठिकाणी दगडावर दगड रचलेले. तिथं पाच दगडांचं घर रचलं की देवी खरं घर देते, असं मानतात. आमची मंडळी लगेच कामाला लागली. कुणी चपटा दगड ठेवून वर स्लॅब टाकली, कुणी म्हणे मला गच्ची पाहिजे... चेष्टामस्करी चालली होती. मीही माझे पाच दगड रचले. कुणाला सांगितलं नाही, पण अगदी मनापासून.

एक मैत्रीण मायला म्हणाली, तुम्ही पण रचा की. माय हसली. म्हणाली, मला कशाला, मला तर दोन-दोन घरं हैत. सगळे हसले. मला हसता आलं नाही... मी उठून डबे सोडायला गेले.

जेवणं झाली, निघायची तयारी झाली आणि बघते तर माय जागेवर नाही. धावत ठाण्यामागे गेले, तर ती माझ्या दगडांपाशी उकिडवी बसलेली. माझ्या घराला अगदी चिकटून तिनं दोन लहान दगड एकावर एक ठेवले होते, आणि तिसरा हातात घेऊन तो बसतोय का ते बघत होती.

काय करतेस, म्हणून विचारलं. तिनं मान वर केली नाही.

"काही न्हाई. तुझ्या घराला एक खोली जोडून राह्यले." मग जरा थांबून, एकदम हळू आवाजात, "चालंल ना तुला?"

पासष्टीची माझी आई. मला विचारत होती, चालेल का म्हणून.

तिच्याजवळ बसले आणि तो तिसरा दगड दोघींनी मिळून ठेवला. ग्रुपची मंडळी लांबूनच बघत होती, कुणी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मायला घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले, परतूरला फोन लावला आणि माय आता माझ्याकडेच राहील म्हणून सांगितलं. दादा आधी भडकलाच. आम्ही मेलोत का, तिला काय कमी केलं, लोकांना काय तोंड दाखवू... मी काही बोलायच्या आत मायनं रिसीव्हर माझ्या हातातून घेतला.

"तुमी लई केलं रे, बिलकुल कमी न्हाई केलं," ती म्हणाली. "पर आता मला पिशवी भरायचा कंटाळा आला बाबा."

मग पलीकडून दादानं एवढंच विचारलं, की तुझे कपडे कधी आणून देऊ.

माय शेवटपर्यंत माझ्याकडे राहिली. त्या रविवारी शेजारीण घरी असती, तर मी मायला तिच्या भरवशावर ठेवून गेले असते, आणि हे कधी घडलंच नसतं... आजही तो विचार आला की गावाला गेलेल्या त्या शेजारणीला मी मनातल्या मनात हात जोडते.