धाड ते जळगाव जामोद: दोन फ्रेंच गाड्या आणि एक पैज

फ्रान्सला जायची ऐपत नाही म्हणून यांनी फ्रान्सच आपल्या धाड गावात आणलाय, असं आई म्हणते. अंगणात दोन फ्रेंच गाड्या उभ्या असतात. एक बाबांची, नव्वदच्या दशकातली डिझेल. दुसरी माझी, पुण्याहून आणलेली, क्लच नसलेली, टचस्क्रीनवाली. बाबा बहात्तर वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी तो खटारा चालवणं थांबवावं म्हणून मी दोन वर्षं डोकं फोडतेय. शेवटी त्यांनीच पैज लावली: दोन्ही गाड्या जळगाव जामोदला आत्याकडे न्यायच्या, वाटेत जी थांबेल ती विकायची. एवढी सोपी पैज! मी लगेच हो म्हटलं.

सकाळी सातला निघालो. आई एसीच्या लोभाने माझ्याकडे बसली. बाबांनी काच हाताने फिरवून खाली घेईपर्यंत माझी गाडी पाच वेळा वाजली: पट्टा, दार, आईची पर्स, शेळी आणि पुन्हा तीच शेळी. रस्ता शंभरेक किलोमीटरचा. बुलढाण्यानंतर राजूर घाटात वळणांची हौस फिटते. माझ्या गाडीतली बाई इंग्रजीत वाट सांगते आणि मोताळ्याचं नाव असं घेते की मोताळेकरांनी खटला भरावा.

घाट उतरताच बाबा थांबले. बॉनेटला टेकून, डावा पाय लांब करून ऐटीत उभे. "गरम झाली." मी मनातल्या मनात गिऱ्हाईक शोधायला लागले.

मोताळ्यात पुन्हा तेच. तिथे बाबांचा जुना विद्यार्थी सलीम मेकॅनिक आहे. त्याने बॉनेट उघडून पाहिलं. "सर, गाडी तं एकदम टकाटक आहे. काऊन थांबले?"

"गरम झाली म्हनलं ना बे!"

सरांची लाज राखतोय बिचारा, असं मला वाटलं. तोवर आम्ही स्टँडवरची भजी खाल्ली. वीस रुपयांत प्लेट, तळलेल्या मिरच्या हव्या तितक्या. नांदुऱ्याला बाबा तिसऱ्यांदा थांबले.

आत्याकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा. अख्खी गल्ली जुन्या गाडीभोवती जमली, माझ्या गाडीकडे एका कोंबडीने तेवढं पाहिलं. "अशी नवी गाडी तं साऱ्याइकडे आहे वं," आत्याने माझी समजूत काढली.

"हरलो मी," जेवताना बाबा म्हणाले. "म्हतारी झाली ते. इकून टाक. जाताना तुही गाडी पाह्यतो चालवून."

बाबा माझी गाडी घेऊन सुसाट पुढे गेले. आई माझ्यासोबत खटाऱ्यात. राजूर घाट चढताना मी तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून होते. काटा हलला नाही. चढावर तापत नाही ती गाडी उतारावर कशी तापली? पण दर वळणाला तो जड क्लच दाबून माझा चाळिशीतला डावा गुडघा ठणकायला लागला. मग बॉनेटला टेकलेले, पाय लांब केलेले बाबा आठवले, आणि मला माझ्या जिंकण्याची लाज वाटली.

जुनी बरी की नवी, असं विचाराल तर मला अजून सांगता येत नाही. बाबांची गाडी मात्र मी विकलेली नाही.

त्या दिवशी धाडला पोचलो तेव्हा बाबा ओट्यावर वाट पाहत होते. "कशी चालली? गरम झाली का नाही?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"झाली ना बाबा. चारदा थांबले."

"चारदा?" बाबा खूश झाले. "माही तं तीनदाच झाली." आणि भिंतीचा आधार घेत ते आत गेले.