अप्पांच्या मांडीवरचा आमरस

माझ्या सासऱ्यांच्या मांडीवर पातेलंभर आमरस सांडला, त्याला मी शिकवत असलेला विषय जबाबदार आहे.

मी खारघरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. नुकतीच जुनी मारुती घेतली होती. मेहुणीसाठी आलेल्या स्थळाचं घर बघायला बायको सुनीता, सासरे अप्पा आणि मी पनवेलहून आपट्याला निघालो. अप्पा पांढऱ्या कडक इस्त्रीत मागे बसले होते. मांडीवर सासूबाईंनी दिलेलं रसाचं पातेलं.

पळस्प्याच्या पुढे चढणीवर एक रिक्षा आम्हाला मागे टाकून गेली.

"जावईबापू, गाडीत जोर नाही वाटतं."

"जोर आहे, अप्पा. पण वस्तुमान जास्त असलं की तेवढ्याच बलात वेग हळूहळू वाढतो."

"वस्तुमान म्हणजे?"

"म्हणजे... आपलं वजन."

(वस्तुमान आणि वजन यांत फरक असतो. पण अप्पांचा देह पाहता तो समजावण्याची ही वेळ नव्हती.)

"माझ्या बापाचं वजन काढू नका," सुनीता म्हणाली.

विषय बदलावा म्हणून मी पुढे शिकवायला लागलो. "इंजिन जे कार्य करतं, त्याची गतिज ऊर्जा होते. वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट."

"मग दाखवा की," अप्पा म्हणाले.

मी गियर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी पुढे झेपावली, तिच्याबरोबर अप्पा पुढे आले, पातेलंही आलं. रसाला मात्र कोणी कळवलं नव्हतं. तो होता तिथेच राहिला, म्हणजे झाकण उडवून अप्पांच्या पोटावर.

"अरे, थांबव!" अप्पा ओरडले.

मी घाबरून करकचून ब्रेक मारला. उरलेला रस आता वेगात होता. तो माझ्या मानेवर येऊन थांबला.

आपट्याला पोचल्यावर मुलाच्या वडिलांनी अप्पांना स्वतःची लुंगी दिली आणि खुर्चीवर बसवलं. मी शर्ट काढून बनियनवर अंगणात गाडीची सीट पुसत होतो.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"ड्रायव्हर," अप्पा शांतपणे म्हणाले.

सुनीताने तोंडाला पदर लावला, पण चूक दुरुस्त केली नाही.

"असा कसा ड्रायव्हर? बदलून टाका की."

अप्पांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मोठा उसासा टाकला.

"आता परत कोण घेतंय त्याला?"

मी सीट पुसत राहिलो. मुद्दा बरोबर होता.