वीणा खाली ठेवायची नसते

बुक्क्याचा वास आला की माझे पाय अजून चुळबुळतात.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. आमच्या चिखलीच्या देवळात सप्ताह बसला होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. पुढच्याच्या गळ्यात घालूनच आपण सुटायचं. दुपारी दोनपर्यंत पहारा माझा, नंतर माझा मित्र ज्ञानूचा. दोनलाच आमची बैलगाडी आकुर्डीला निघणार होती, मला मुलगी दाखवायला.

दोन वाजले, ज्ञानूचा पत्ता नाही. सुगीमुळे सगळं गाव रानात. बाहेर आमच्याच बैलांचे घुंगरू वाजले आणि लांब गेले. तोंडात देवाचं नाव, मनात ज्ञानूला शिव्या. मी एका जागी उभ्या उभ्या मैलभर चाललो असेन.

ज्ञानू उगवला तो दिवस मावळताना. रिवाजाप्रमाणे माझ्या पाया पडून वीणा घेत पुटपुटला, "इकडंच येत व्हतो, तर तुज्या आबांनी 'त्याच्या बदली तूच बघ' म्हणत मलाच गाडीत घातलं. पोरगी झ्याक हाय. मी व्हय म्हणून आलोय."

मी तिला पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावरच. पुढं भांडण झालं की ती म्हणायची, "ज्यांनी पसंत केली, त्या ज्ञानूभावजींना जाऊन सांगा."

गेल्या साली ज्ञानू गेला. माझ्याआधी तीच रडली.