मास्तरांचे हात

आमच्या ह्यांना कंपनीत सगळे मास्तर म्हणतात. 'कॅप्टन' अशी हाक मारली तर पटकन वळूनही बघत नाहीत. नव्या पायलटांना शिकवण्यात उभा जन्म गेला, म्हणून मास्तर. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्याने विचारलं होतं, "मुलगा विमान चालवतो म्हणजे घरी कधी असतो?" आत्या आता नाही, नाहीतर तिला सांगितलं असतं, की घरी पुष्कळ असतो आणि घरातही विमानच चालवतो.

म्हणजे कसं, ते सांगते. गाडी मी चालवत असले तरी ह्यांचा हात हँडब्रेकवर. मी दूध तापत ठेवलं की हे स्वयंपाकघराच्या दाराशी हजर, आणि ते वर यायच्या आत गॅस बंद. आमच्याकडे दूध कधी उतू गेलं नाही हे खरं, पण ते धड तापलंही नाही. माझ्या बहिणी यावरून मला चिडवायच्या आणि मीही हसण्यावारी न्यायचे. माणूस पीत नाही, आवाज चढवत नाही, जिवापाड काळजी घेतो. तक्रार करायला तोंड कुठून आणायचं?

हे पहिल्यापासून असे नव्हते. नवे नवे कॅप्टन झाले होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या सीटवर एक नवखा को-पायलट होता आणि विमान उतरवायची पाळी त्याची होती. धावपट्टी जवळ आली. विमान जरा जास्तच वेगाने खाली जातंय हे ह्यांना दिसलं, पण 'सावरेल पोरगा' म्हणून हे थांबले. पोरग्याने सावरलं नाही. विमान आपटलं. प्रवाशांचं घाबरण्यावर निभावलं, पण मागे बसलेल्या एअर होस्टेसचा मणका दुखावला आणि तिला ती नोकरी पुन्हा करता आली नाही. चौकशीत ह्यांना कुणी दोष दिला नाही. ह्यांनी स्वतःला दिला. आम्ही दोघं तिला बघायला हॉस्पिटलात गेलो, तर पलंगावर पडल्या पडल्या तीच ह्यांची समजूत घालत होती. परत येताना जिन्यात हे थांबले आणि आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "मांडीवर होते गं. दोन्ही हात मांडीवर होते."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर ह्यांचे हात मांडीवर कधी राहिले नाहीत. शिकाऊ पायलट विमान उतरवत असला, तरी ह्यांचा हात कंट्रोलपासून बोटभर अंतरावर. पंख जरासा कलला, जरा उशीर होतोय असं वाटलं, की हे शांतपणे म्हणणार, "कंट्रोल माझ्याकडे." कॅप्टनने असं म्हटलं की दुसऱ्याने "कंट्रोल तुमच्याकडे" म्हणून मुकाट्याने हात काढायचे, अशी पायलट लोकांची रीत आहे. तिथे वाद नाही. मग विमान असं अलगद टेकायचं, की झोपलेलं मूलसुद्धा जागं होऊ नये. प्रवासी खूश, शिकणारे खूश, कंपनी तर त्याहून खूश. ह्यांच्या विमानाला पुन्हा ओरखडा पडला नाही. बढत्या मिळत गेल्या. आधी शिकवणारे झाले, मग शिकवणाऱ्यांना शिकवणारे.

नाखूश एकच निघाला, झिपऱ्या. केस इतके वाढवलेले, की टोपी डोक्यावर बसायची नाही. त्याने एकदा विमानातून उतरल्यावर चार लोकांसमोर ह्यांना सांगितलं, "मास्तर, मला विमान उतरवता येतं की नाही हेच मला अजून कळलेलं नाही. तुमच्याबरोबर ते कळणारही नाही. मला दुसरा शिक्षक द्या." त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत. मीही झिपऱ्याला मनातल्या मनात शेलक्या शिव्या घातल्या. पुढे त्याचे केस सगळे गेले, नाव तेवढं राहिलं, आणि तो कंपनीचा मुख्य परीक्षक झाला.

आता आमच्या मुलीबद्दल. एकुलती एक. लहानपणी ती कुठे चढली नाही असं नाही. कपाट, खिडकीचे गज, शेजाऱ्यांच्या गच्चीवरची टाकी. म्हणून घरात तिचं नाव पडलं खार. ती वर चढायची आणि हे खाली हात पसरून उभे. उतरताना अर्ध्यावर आली की हे तिला उचलून घ्यायचे. तिला चढताना सगळं जग बघायचं, पण शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी ती कधी उतरलेली मला तरी आठवत नाही. तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिला.

खार पायलट झाली, ह्यांच्याच कंपनीत लागली. बापाने मुलीची परीक्षा घेऊ नये असा कंपनीचा नियम होता. बापाने घरी शिकवू नये असा नव्हता. आमच्या मागच्या खोलीत कपाटाच्या दोन्ही दारांवर कॉकपिटचं चित्र चिकटवलेलं होतं, सगळी बटणं, सगळे काटे खऱ्या मापाचे. त्यासमोर जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या. डावीकडे कॅप्टन, म्हणजे हे. उजवीकडे को-पायलट, म्हणजे खार. पाहुणे आले की दोन खुर्च्या कमी पडायच्या आणि मी स्टूल ओढून बसायचे. आतून ह्यांचा आवाज यायचा, "उजवं इंजिन बंद पडलं, काय करशील?" मग जरा शांतता. मग पुन्हा ह्यांचाच आवाज, उत्तर सांगणारा. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, परीक्षा नक्की कुणाची आहे?" दोघंही हसायचे. मला त्या हसण्याचं तेव्हा कौतुक वाटायचं.

को-पायलट म्हणून खार उत्तम निघाली. तिचा हात ह्यांच्यासारखाच हलका, असं लोक सांगायचे. तिच्या बरोबरीचे एकेक करून कॅप्टन झाले आणि तिची पाळी आली. त्यासाठी सिम्युलेटरमध्ये परीक्षा असते. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच्या हॉलमध्ये उभं केलेलं खोटं विमान. आत सगळं खरं, बाहेर पडद्यावर आकाश. उमेदवाराने डाव्या सीटवर बसायचं, उजवीकडे को-पायलट, मागे परीक्षक. संधी दोन. दोन्ही हुकल्या तर त्या कंपनीत माणूस जन्मभर को-पायलट.

पहिल्या वेळी ती नापास झाली. शेरा होता, 'विमान उत्कृष्ट चालवते, निर्णयाला उशीर लावते.' परीक्षक झिपऱ्या.

"जुना राग काढतोय टकल्या," हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग पुन्हा मागची खोली, पुन्हा त्या दोन खुर्च्या. या वेळी ह्यांनी तिला डावीकडे तरी बसवायचं ना? पण नाही. "आधी मी करून दाखवतो, तू बघ," म्हणत हे आपल्या जागी बसले ते बसलेच. जगात जेवढी संकटं विमानावर येऊ शकतात, तेवढ्यांची उत्तरं ह्यांनी तिला भरवली. खार मान डोलवायची. खाणं कमी झालं होतं तिचं.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली, बूट जागेवर ठेवले, कोट हँगरला लावला, त्याची बाही नीट केली आणि म्हणाली, "नाही झालं." एवढंच. रडली असती तर बरं झालं असतं. मी जवळ घेतलं तर माझ्या खांद्यावरून ती ह्यांच्याकडेच बघत होती.

हे दुसऱ्या दिवशी सकाळी झिपऱ्याशी भांडायला गेले. परत आले ते दुपारी. बूट काढायला दारातल्या स्टुलावर बसले आणि बसूनच राहिले. एक बूट पायात, एक हातात.

"अहो, काय झालं? काय म्हणाला तो?"

"काहीच म्हणाला नाही," हे म्हणाले. "रेकॉर्डिंग दाखवलं."

परीक्षेचं चित्रण होतं, पण ते दुसऱ्या कुणाला दाखवायचं तर उमेदवाराची परवानगी लागते. झिपऱ्याने ह्यांच्यासमोर खारीला फोन लावला. "तुझ्या बाबांना दाखवू का?" तर ती म्हणाली, "बाबा म्हणतील तसं." झिपऱ्याने फोन ठेवला आणि ह्यांच्याकडे नुसतं बघितलं.

मग ह्यांनी पाहिलं. खार डाव्या सीटवर. विमान झकास चाललंय. मध्येच इंजिनाचं तेल उतरायला लागतं. पुढच्या विमानतळावर वादळ, मागच्यावर धुकं. कुठे जायचं, ते कॅप्टनने ठरवायचं आणि लगेच ठरवायचं. खार मान वळवते. पण उजवीकडच्या को-पायलटकडे नाही. डावीकडे. मग समोर बघते, पुन्हा डावीकडे. शेवटी को-पायलटला विचारते, "तुला काय वाटतं?" तो म्हणतो, "तुम्ही सांगाल तसं, मॅडम." ती परत डावीकडे बघते. वेळ जात राहतो.

"मास्तर, मला आधी वाटलं ढग बघतेय," झिपऱ्या म्हणाला होता. "पण वादळ तर समोर होतं. पहिल्या परीक्षेतही हेच. त्या बाजूला नुसती खिडकी आहे हो. काय बघत असते ती?"

ह्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. मला दिलं. हातातला बूट खाली ठेवून म्हणाले, "तिकडे मी असतो गं. इतकी वर्षं तिच्या डावीकडे मी बसलोय. ती मला शोधत होती."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. ते खरंच होतं. ज्याला कुणालाच पडू द्यायचं नव्हतं, त्याच्याच हाताने पोरगी अडकून पडली. हे म्हणाले, "झिपऱ्याला त्या दिवशी कळलं होतं. तो सुटला." मग म्हणाले, "आता मी तिला काहीही सांगणार नाही. एक अक्षर नाही."

त्या आठवड्यात मागच्या खोलीतलं चित्र ह्यांनी काढून टाकलं आणि खुर्च्या टेबलाशी आणून ठेवल्या. दूधही गॅसवर एकदा उतू जाऊ दिलं. मी ओटा पुसत होते आणि हे अपराध्यासारखे बघत उभे होते.

रविवारी आम्ही तिघं चहाला बसलो होतो. खारीच्या फोनवर एक जाहिरात होती. दुसऱ्या गावची लहानशी कंपनी, मालवाहू विमानं, पगार कमी. पण वर्षभर को-पायलट म्हणून काम केलं तर कॅप्टनच्या परीक्षेला नव्याने बसता येणार होतं. तिच्यापुढे उरलेली ती एकच वाट होती, आणि अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

"बाबा, करू का अर्ज?"

ह्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मला टेबलाखालून दिसत होतं. "तुला काय वाटतं?" हे म्हणाले.

"तुम्ही सांगा ना."

"तू ठरव, बाळा."

ती थांबली. चहा निवला. तिला वाटलं हे विचार करताहेत, म्हणून ती शहाण्या मुलीसारखी वाट बघत राहिली. मी देवाला म्हटलं, बोलू दे हिला, हो म्हणू दे, नाही म्हणू दे, कपबशी फोडू दे, पण हिचं हिला काहीतरी बोलू दे. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. बऱ्याच वेळाने खारीने मान वर केली. डोळे भरले होते. परीक्षेच्या दिवशीसुद्धा भरले नव्हते.

"बाबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

ह्यांचे हात मांड्यांखालून निघाले आणि टेबलावरून जाऊन तिच्या हातांवर पडले.

"नाही गं, वेडे," हे म्हणाले. "अर्ज कर. आण इकडे तो फोन, मीच भरतो."

तिने फोन लगेच ह्यांच्या हातात दिला आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली, अगदी मोकळं. तिचं ते हसणं बघून मला रडू आवरेना, आणि ह्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.