कितव्या स्थानात?

एकनाथरावांचा साखरेच्या आजाराने काळा पडलेला पायाचा अंगठा त्यांच्या मुलीने, रंजनाने, कित्येक महिने रोज धुतला; कधी नाक मुरडलं नाही. किळस तिला पुढे आली, खुबानीच्या वाटीपाशी.

साल २००९. हैदराबादेत नारायणगुड्यातल्या शाळेत ती गणित शिकवायची. पुण्याहून हायटेक सिटीत नोकरीला आलेला पुष्कर तिला मनापासून आवडला होता. त्याच्या आई उषाबाई म्हणाल्या, "पत्रिका आम्ही मानत नाही. पण वडिलांना शुगर आहे, तर मुलीची जीन टेस्ट तेवढी करा."

कोठी भागातल्या नव्या लॅबची जाहिरातच होती, 'रिपोर्ट तुमच्या भाषेत'. थुंकी दिली, मराठीत रिपोर्ट आला: 'आरएनए बंधन स्थानात बदल.'

लॅबच्या डॉक्टरने समजावलं. काही छोटे आरएनए जीनच्या संदेशावर ठरलेल्या जागी बसतात आणि त्याच्या कामाला आळा घालतात. त्या जागेतलं एखादं अक्षर वेगळं असलं की पकड थोडी सैल होते. "अशा शेकडो जागांचा मिळून शुगरमध्ये वाटा, वर खाणंपिणं. एकट्या या जागेवरून काही कळत नाही. निम्म्या शहरात हा बदल सापडेल."

"मग टेस्ट विकता कशाला?"

"लोगां पूछते, मॅडम."

अंबरपेठच्या घरी एकनाथरावांनी रिपोर्टातला एकच शब्द धरला. "कितव्या स्थानात?"

"बाबा, ही पत्रिका नाही."

"स्थान लिहिलंय की. हौ, शांत करून टाकू."

रंजनाला वाटलं, उषाबाई हसतील. रविवारी त्या पुष्करला घेऊन आल्या, सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा सैलावला. "करा शांत. पण गुरुजी आमचे."

"मग पुष्करचीही टेस्ट करू," रंजना म्हणाली. "त्याचंही स्थान बघू."

"मुलाची कशाला?"

रंजनाने पुष्करकडे पाहिलं. लॅबमध्ये तो तिच्या शेजारी बसला होता, डॉक्टरचा शब्दन्‌शब्द त्याने ऐकला होता. तो खुबानी का मीठा, पाकातले जर्दाळू, खात होता. "करून टाकू ना होम," तो चमचा चाटत म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम. आईला बरं वाटेल."

ओठाच्या कडेला पाक ओघळला होता. तो त्याने जिभेने टिपला. रंजनाने नाक मुरडलं.

"मग लग्नाची तारीख काढायची?" उषाबाईंनी विचारलं.

"नक्को," रंजना म्हणाली.

तिच्या या हैदराबादी नकाराची पुष्करला नेहमी गंमत वाटायची. सवयीने तो हसला. तिने त्याच्या हातातली अर्धी वाटी काढून घेतली आणि मोरीत ओतली.